ताणा... आणि मग ताणून द्या!

पोल, स्प्लिट्स, बॅकबेंड... घाम गाळायला आपण सगळे एका पायावर तयार! पण कुणी ‘विश्रांती घे’ म्हटलं की पोटात गोळा. लोअर परळच्या स्टीलच्या खांबावरून थेट पोलादपूरच्या ओटीवर येऊन आदळलेल्या एका हॅमस्ट्रिंगची ही गोष्ट.

वडखळपर्यंत ठीक होतं. नागोठणं मागे पडलं आणि दुखायला लागलं. बसल्यावर जे हाड सीटला टेकतं ना, बरोब्बर तिथे! आधी नुसतं टोचल्यासारखं, मग ठणका. माणगावला एसटी थांबली तेव्हा बाकीचे वडापाव खायला उतरले, मी नुसती उभी राहायला उतरले. महाड आलं तोवर मी एका कुशीवर कलून, अर्धी खिडकीला टेकून बसले होते. शेजारच्या मावशींनी शेवटी विचारलंच, ‘‘मूळव्याध का गं?’’

आता त्यांना काय सांगणार? की मावशी, मी आठवड्यातून पाच दिवस एका खांबावर उलटी लटकते आणि उरलेल्या दोन दिवसांत पाय एकशेऐंशी अंशांत फाकवायचा प्रयत्न करते, म्हणून?

दीड वर्षापूर्वी सुरुवात अगदी साळसूद होती. ऑफिसजवळ, जुन्या गिरणीच्या आवारात एक डान्स स्टुडिओ, संध्याकाळी सात ते आठ, आठवड्यातून दोनदा. पहिल्या महिन्यात खांबावर नुसतं चढून बसता आलं तरी दिवाळी! मग पहिला स्पिन, मग पहिला इन्व्हर्ट, म्हणजे डोकं खाली, पाय वर. एकदा उलटं झालात की संपलंच, मंडळी. जग सरळ असताना तितकं छान दिसतच नाही! दोनाचे तीन क्लास झाले, तिनाचे पाच. त्यात इन्स्टाग्रामवर ‘तीस दिवसांत स्प्लिट’ नावाचं प्रकरण दिसलं. रोज, न चुकता, दुखलं तरी. बाविसाव्या दिवशी मांडीच्या मागे, अगदी वर, काहीतरी ‘टक्’ झालं. तेविसाव्या दिवशी मी परत ताणलं. (हसू नका. तुम्हीही हेच केलं असतं.)

पुढे दोन महिने मी तेच करत राहिले. दुखतंय म्हणजे आखडलंय, आखडलंय म्हणजे ताणायला हवं, असं आमचं गणित. ताणलं की पाच मिनिटं बरंही वाटायचं. दुसऱ्या दिवशी मात्र खुर्चीत बसवायचं नाही. अखेर फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने दोन मिनिटांत सांगितलं की दुखणं स्नायूचं नाही, तो जिथे हाडाला चिकटतो त्या कंडराचं, म्हणजे टेंडनचं आहे. त्याला दोन गोष्टी अजिबात सोसत नाहीत, एक म्हणजे खूप वेळ बसणं आणि दुसरी म्हणजे ताणणं. म्हणजे माझा दिवस आणि माझी संध्याकाळ!

‘‘किती दिवस बंद?’’ मी.

‘‘आठवड्यांत विचार,’’ ती.

मग साचलेली रजा टाकली आणि पोलादपूरला निघाले. आजोबांकडे.

‘पाळी कुठली तुझी?’

घरी पोलबद्दल काही माहीत नव्हतं. ‘जिमला जाते’ एवढंच सांगितलेलं. खांबावर नाचणं म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर काय येतं ते वेगळं सांगायला नकोच, हिंदी सिनेमाची कृपा! पण निळे-जांभळे डाग लपवणार कसे? गुडघ्याच्या मागे, मांडीच्या आतल्या बाजूला, काखेपाशी. पोलवाल्या पोरी त्यांना कौतुकाने ‘पोल किस’ म्हणतात. आत्याला ते दिसले. तिच्या डोळ्यांत पाणीच! ‘‘कोण मारतं का तुला तिकडे?’’

झालं. मोबाइल काढून व्हिडिओ दाखवावाच लागला. आत्याने पदर तोंडाला लावला. आजोबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांनी चष्मा पुसला, मोबाइल लांब धरला, दोनदा पाहिलं आणि म्हणाले, ‘‘तेल कुठलं लावता?’’

इथे थोडा इतिहास. महाड-पोलादपूरच्या घरटी एक माणूस कधीकाळी गिरणीत होता. आमचे आजोबाही १९६० च्या सुमारास मुंबईला गेले. लालबागला गाववाल्यांच्या खोलीत राहिले, परळच्या गिरणीत चिकटले आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप काही मिटेना तेव्हा कायमचे गावी परतले. मधल्या वीस वर्षांत त्यांनी गिरणगावातल्या एका व्यायामशाळेत मल्लखांब केला, हे मला एकोणतिसाव्या वर्षी कळत होतं! आजोबा ज्या भागात खांबावर चढायचे, त्याच भागात, गिरणीच्याच जागेत, मी चढत होते. फक्त त्यांची फी महिना आठ आणे होती, म्हणे. माझी सांगितली नाही.

मल्लखांबाला एरंडेल लागतं. सागवानी किंवा शिसवी खांब, खाली जाड, वर निमुळता होत गेलेला. अंग, मान आणि टोकाला बोंड. बुंध्याचा घेर पंचावन्न सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे कवेत घ्यायचा खांब. तेल नसेल तर कातडी सोलून निघेल. आमचा पोल बरोबर उलटा. स्टीलचा, जेमतेम पंचेचाळीस मिलिमीटर जाडीचा. उघड्या कातडीच्या पकडीवर सगळा खेळ, सकाळी मॉइश्चरायझर लावलं असेल तरी संध्याकाळी घसरगुंडी. आजोबांना हे ऐकून गंमत वाटली. मग त्यांचं आवडतं सुरू झालं. अढी, तेढी, दसरंग, सुईदोरा, फरारे, ताजवे... मी माझ्या फिगरहेड-जेमिनीची नावं सांगितली. आत्या दोघांकडे वेडे झाल्यासारखं बघत होती.

आणि मग आजोबांनी विचारलं, ‘‘पाळी कुठली चालू आहे तुझी?’’

मी दचकलेच! आजोबा आणि हा प्रश्न? त्यांना अर्थातच शिफ्ट म्हणायचं होतं.

‘‘तशी दिवसपाळी. पण क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे रात्री साडेनऊ ते साडेबारा कॉल असतात.’’

‘‘म्हणजे रातपाळीच की. मग खांब कशाला?’’

त्यांच्या व्यायामशाळेत नियम होता. रातपाळी लागली की खांबाला हात लावायचा नाही. यायचं, बसायचं, बारक्या पोरांना शिकवायचं, फार तर चार जोर मारायचे. पण वर चढायचं नाही. उस्ताद हाकलून द्यायचे. कारण सरळ होतं. झोप मोडलेल्या माणसाचा हात उशिरा वळतो, आणि उलट्या माणसाचा हात उशिरा वळला की मान जाते.

मी गप्प झाले. माझ्या फिटनेस ॲपमध्ये कॅलऱ्या होत्या, पावलं होती, हृदयाचे ठोके होते. ‘रातपाळी’चा रकाना नव्हता.

रेस्ट डे? कुठला रेस्ट डे?

तुमचा ‘रेस्ट डे’ आठवा बरं. क्लास नाही म्हणून उशिरापर्यंत ऑफिस. दोन तास ट्रॅफिक. घरी येऊन ‘आज काहीच केलं नाही’ या अपराधी भावनेने अर्धा तास स्ट्रेचिंग. मग एक वाजेपर्यंत सिरीज. याला विश्रांती म्हणायचं असेल तर मग महाडच्या एमआयडीसीला हिल स्टेशन म्हणा!

शरीराचा हिशेब वेगळा असतो. त्याला क्लासची दमणूक आणि डेडलाइनची दमणूक वेगवेगळ्या वहीत मांडता येत नाही. एकच वही, एकच बेरीज. आणि दुरुस्ती होते ती क्लासमध्ये नाही, नंतर. नवीन व्यायामानंतर स्नायू दुखतात ते साधारण एक ते तीन दिवस. ते दुखणं ओळखीचं, पसरट, हललं की कमी होणारं. त्याला घाबरायचं कारण नाही. कंडरांचं घड्याळ मात्र बैलगाडीच्या वेगाने चालतं. त्यांना रक्तपुरवठाच कमी. जोरदार ताण पडल्यावर पहिले चोवीस ते छत्तीस तास त्यात बांधणीपेक्षा मोडणीच जास्त चालू असते, बांधणीचं पारडं त्यानंतर जड होतं. रोज ताणणारी माझ्यासारखी शहाणी दररोज नेमकी मोडणीच्या वेळेला हजर!

आणखी एक गैरसमज माझा फिजिओने काढला. आपल्याला वाटतं स्ट्रेचिंगने स्नायू चिंगमसारखा लांब होतो. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढते ती मुख्यतः सहनशक्ती. मेंदू हळूहळू ‘चल, इथवर जाऊ दे’ म्हणायला लागतो. हा मेंदू जागरणाने पेंगलेला, बॉसने पिडलेला असेल तर तो कशाला परवानगी देईल? तो ब्रेकच दाबणार. झोप नीट नसलेल्या आठवड्यात आपली स्प्लिट चार बोटं वर का जाते, याचं हे एक कारण. आपण म्हणतो, ‘आळस केला म्हणून आखडले.’ आणि अजून ताणतो.

मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलंय की ते दिसेनासं झालंय. मी वही घेऊन माझे मागचे चौदा दिवस मोजले. सरासरी पावणेसहा तास निघाली.

दुसरी पाळी

आता जरा अवघड गोष्ट. आजोबांच्या प्रश्नाने मी दचकले त्याला दुसरंही कारण होतं. त्या दुसऱ्या अर्थाची पाळी दोन महिने आली नव्हती. मी म्हटलं, टेन्शन असेल. मनातल्या मनात थोडी खूशही होते, खरं सांगते. क्लास बुडत नव्हता ना!

गावाहून आल्यावर डॉक्टरकडे गेले. खूप व्यायाम आणि त्या मानाने कमी खाणं असलं की शरीर काटकसर सुरू करतं, आणि काटकसरीत आधी बंद पडणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे पाळी. पुढे हाडं ठिसूळ होतात, दुखापती भरून येत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या सगळ्याला एकत्र नाव दिलं, ‘रेड-एस’. मराठीत सांगायचं तर, अंगाला खर्चाइतकं न मिळणं. हे पुरुषांनाही होतं, फक्त त्यांना इतकी ठळक सूचना मिळत नाही. तेव्हा मैत्रिणींनो, पाळी लांबली तर त्याला ‘फिटनेसचा साइड इफेक्ट’ म्हणून झटकू नका. डॉक्टरकडे जा. हा भाग मी विनोदाने लिहिणार नाही.

मी कमी खात होते का? मला तर वाटायचं नाही. सकाळी कॉफी, दुपारी सॅलड, क्लासच्या आधी एक केळं, रात्री कॉल संपल्यावर जे मिळेल ते. आत्याच्या हाताखाली दहा दिवस काढल्यावर खाणं म्हणजे काय ते कळलं. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, सुकट, भात, आणि दिवस वालाच्या शेंगांचे होते म्हणून वालाच्या सगळ्या तऱ्हा. तिने ‘प्रोटीन’ हा शब्द उच्चारला नाही. ‘‘ताट पुसून काढ,’’ एवढंच.

खांब आपला की परका?

पोल डान्सवाल्यांना मल्लखांबाचं भारी आकर्षण असतं आणि मल्लखांबवाल्यांना पोल डान्सशी नातं सांगायला संकोच! एकातून दुसरं निघालं हे सिद्ध करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. जगात खांबावर चढणारी माणसं एकाच ठिकाणी थोडीच जन्मतात? पण मल्लखांबाची आपली गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आजच्या मल्लखांबाचे जनक म्हणून नाव घेतलं जातं ते दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांचं. खांब हा मुळात पैलवानांचा पूरक व्यायाम. कुस्तीसाठी अंग तयार करायचं साधन. मग तो स्वतःच खेळ झाला. मुंबईत शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराने तो जिवंत ठेवला, पसरवला. तिथले उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. जागतिक मल्लखांब स्पर्धा पहिल्यांदा भरली तीही शिवाजी पार्कवरच, फेब्रुवारी २०१९ मध्ये, आणि तिला परदेशी खेळाडू आले होते. हिमानी परब अर्जुन पुरस्कार घेऊन आली २०२१ चा. इकडे पोलचंही बस्तान बसतंय. २०१७ च्या ऑक्टोबरात जागतिक क्रीडा महासंघाने पोल स्पोर्ट्सला निरीक्षकाचा दर्जा दिला. हे सगळं मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘कपडे जरा पुरते घाल म्हणजे झालं.’’ कातडीच्या पकडीचं शास्त्र समजावण्याइतकं धैर्य माझ्यात नव्हतं.

‘पूरक’ हा शब्द मात्र मला चिकटला. माझा पोल कशालाच पूरक राहिला नव्हता. उलट झोप, जेवण, सुट्ट्या, सगळं त्याला पूरक!

रायगड बघायचा, चढायचा नाही

पाचव्या दिवशी मुंबईची गँग आली. प्लॅन तयार होता, रायगड चढून. दीड हजाराच्या आसपास पायऱ्या, ‘रेस्ट डेला हलका ट्रेक’. तुम्ही पायऱ्या उतरून बघा, मग बोला हलक्याबद्दल. उतरताना मांडी प्रत्येक पायरीला ब्रेक लावत असते, दुसऱ्या दिवशी उकिडवं बसता येत नाही ते त्यामुळेच. मी हिरकणीवाडीतून रोपवेने वर गेले आणि बाकीच्यांची वाट बघत बसले. ‘‘हिरकणी कडा उतरली आणि तू रोपवेने?’’ असं एकाने ऐकवलंच. मी म्हटलं, तिला दुसऱ्या दिवशी अमेरिकेचा कॉल नव्हता.

परतीच्या वाटेवर सवला थांबलो. महाडपासून अगदी जवळ, सावित्रीच्या काठी गरम पाण्याचे झरे आहेत. गंधारपाले लेणी बघणारे बरेच जण हे हुकवतात. पाय सोडून बसायला मस्त! गरम पाण्याने टेंडन बरं होत नाही. आखडलेलं अंग मोकळं होतं आणि अर्धा तास कुणी फोन बघत नाही, हे मात्र खरं. (ताजी दुखापत असेल, सूज असेल तर मात्र पहिले दोन-तीन दिवस शेक, गरम पाणी, जोरात चोळणं, काहीच नको. आत्याचं तेल मी निम्मं चुकवलं ते म्हणूनच.)

घरी आल्यावर आजोबा मागच्या डोंगराच्या उताराकडे घेऊन गेले. तिथला एक तुकडा ओसाड, नुसतं गवत. मला वाटलं, माणसं मुंबईला गेली म्हणून पडलाय. तसे खूप आहेत आता. ‘‘हा पडलेला नाही. पड ठेवलाय,’’ आजोबा म्हणाले. वरकस जमीन अशीच असते. मातीचा थर पातळ, पावसाचा मारा जबरदस्त. दोन-तीन वर्षं नाचणी, वरी काढली की तिची ताकद संपते, मग काही वर्षं तिच्याकडे बघायचंही नाही. खाली खाचरात मात्र दरसाल भात, आणि भात कापला की त्याच ओलीवर वाल. एकाच शेतकऱ्याची जमीन, पण प्रत्येक तुकड्याला सोसेल तेवढंच.

मी गुपचूप हात लावून बघितला. मांडीच्या मागे, वर. माझा वरकस तुकडा.

आता काय चाललंय

सात आठवडे पोल पूर्ण बंद. घाबरू नका, विश्रांती म्हणजे गादीवर लोळणं नव्हतं. पहिले दोन आठवडे पाठीवर झोपून, टाचा रोवून कंबर उचलून धरायची, हलायचं नाही, मोजायचं. मग हळूहळू वजन. कंडरा ताणाने दुखावलेला असला तरी त्याला सुधारतो तो बेताचा भारच, निव्वळ आराम नाही. हे मला सगळ्यात उशिरा पटलं. ऑफिसात अर्ध्या-अर्ध्या तासाने उठायचं. कॉल उभ्याने. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी विचारलं, मग सवय झाली.

आता आठवड्यातून दोनच पोल क्लास, मध्ये कमीत कमी दोन दिवस. खोल स्ट्रेचिंग दोनदा, तेही अंग पूर्ण तापल्यावर आणि पोलच्याच दिवशी, म्हणजे उरलेले दिवस खरोखर मोकळे राहतात. पूर्वी मी पोलच्या आड स्ट्रेचिंगचे दिवस घालायचे आणि स्वतःला शहाणी समजायचे. दर चौथ्या-पाचव्या आठवड्यात सगळं निम्मं. ताण नुसता पसरट दुखला तर चालू, एका बोटाने दाखवता येईल असं दुखलं तर बंद. आणि कॉलचा आठवडा असेल तर खांब नाही. स्टुडिओत जाते, बसते, नव्या मुलींचे व्हिडिओ काढते. आमची इन्स्ट्रक्टर आधी हसली. मग म्हणाली, मलाही असा एक आठवडा हवाय. तिचे दिवसाला चार क्लास असतात. तिला पड कोण ठेवणार, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला, आणि त्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

पाळी तिसऱ्या महिन्यात आली. दोन्ही हातांनी नमस्कार केला!

आजोबा दर रविवारी फोन करतात. तब्येत वगैरे नंतर, पहिला प्रश्न ठरलेला.

‘‘पाळी कुठली?’’

‘‘रातपाळी, आजोबा. रिलीज आहे.’’

‘‘मग खांब?’’

‘‘नाही.’’

‘‘बरं,’’ म्हणतात आणि आत्याकडे फोन देतात.

उजवी स्प्लिट अजून जमिनीपासून चार बोटं वर आहे. डावी सहा.